मदत हवी आहे : डंडीच्या जुन्या व्यवसायसूचीतील दोन शब्द आणि न सापडणाऱ्या कामगार स्त्रिया

नमस्कार. स्कॉटलंडमधील डंडी या बंदराच्या शहरावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून, त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील व्यापारी व रहिवासी यांच्या छापील सूची वाचत आहे. बंगालचा ताग तिथे कातला व विणला जाई. कोरडा तंतू यंत्रावर तुटू नये म्हणून त्यावर पाणी आणि देवमाशाचे तेल शिंपडत, आणि देवमाशांच्या शिकारीची जहाजेही याच बंदरातून निघत.

पहिली अडचण शब्दांची आहे. जवसाचे तंतू लोखंडी दातांच्या फणीतून ओढून विंचरणाऱ्या कारागिराला तिथे ‘हेकलर’ म्हणत, तर विणलेले कापड जड रुळांमधून दाबून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राला ‘कॅलेंडर’. ‘हेकलर’साठी ‘पिंजारी’ हा मराठी शब्द मला पटत नाही, कारण पिंजणे वेगळे आणि विंचरणे वेगळे. अंबाडीचा वाख काढणाऱ्यांच्या बोलीत यासाठी एखादा शब्द आहे का?

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. सूचीत दुकानदार, जहाजमालक, कारखानदार पत्त्यांसह भेटतात. पण ताग गिरण्यांत बहुसंख्येने राबणाऱ्या स्त्रिया तिथे जवळजवळ दिसतच नाहीत. १८४१पासूनच्या दशवार्षिक जनगणनेत त्यांचा शोध घेताना आडनाव धरावे की गल्ली? स्कॉटलंडमध्ये विवाहितांचे माहेरचे आडनावही नोंदींत आढळत असल्याने माझा गोंधळ होतो. अशा नोंदी प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.