फोन दुसऱ्याच्या हाती देताना खासगी ॲप कसे लपवावे?

मुलुंडकर: संध्याकाळी घरी पोचले की माझा अँड्रॉइड फोन भाच्याच्या ताब्यात जातो आणि गेम खेळता खेळता तो काय उघडील, याचा नेम नसतो. बँकेचे आणि डॉक्टरांच्या अहवालांचे ॲप त्याच्याच काय, घरातल्या मोठ्यांच्याही नजरेस पडू नये, अशी माझी इच्छा आहे. होम स्क्रीनच्या सेटिंगमधून दोन्ही चिन्हे लपवली, तरी सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत ती दिसतातच. त्यासाठी इतर ॲपना कुलूप लावणारे वेगळे ‘ॲप लॉकर’ घ्यावे का?

लालबागकर: घेऊ नये. असे ॲप बहुधा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते आणि ती दिली की स्क्रीनवरचा मजकूर त्याला वाचता येतो. बँकेच्या ॲपशेजारी असा पाहुणा कशाला हवा? फोनवर अँड्रॉइड 15 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर सुरक्षा व गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट स्पेस’, म्हणजे खासगी ॲप वेगळी ठेवण्याची जागा, आहे का ते पाहावे. तिला वेगळे कुलूप लावता येते आणि कुलूपबंद असताना ती ॲपच्या यादीतूनही दिसेनाशी करता येते. मग शोधपट्टीत तिचे नाव लिहिल्यावरच ती सापडते. सॅमसंगच्या फोनवर हे काम सिक्युअर फोल्डर करते. मात्र दोन्हीकडे ॲपची स्वतंत्र प्रत बसते, तिच्यात नव्याने लॉगिन करावे लागते आणि बाहेरची जुनी प्रत आपणच काढून टाकायची असते. नेमके हेच बरेच जण विसरतात.

विक्रोळी पूर्व: वरील माहिती योग्य आहे, परंतु प्रायव्हेट स्पेसला कुलूप लागले की आतली ॲप थांबतात आणि त्यांच्या सूचना येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. बँकेचे एसएमएस मात्र बाहेरच येत राहतात, म्हणून लॉक स्क्रीनवर त्यांचा मजकूर दिसणार नाही, अशी व्यवस्था करावी. भाच्यापुरते म्हणाल, तर माझ्या मते एवढा खटाटोप नकोच. सेटिंगमधून ‘ॲप पिनिंग’, म्हणजे स्क्रीनवर एकच ॲप अडकवून ठेवण्याची सोय, चालू करून गेम पिन करून द्यावा. अनपिन करताना फोनच्या कुलपाचा पिन क्रमांक विचारण्याचा पर्यायही चालू ठेवला, की त्याला गेममधून बाहेर पडता येत नाही.

मुलुंडकर: मनःपूर्वक आभार. भाच्यासाठी पिनिंग चालू केले असून अहवालांचे ॲप प्रायव्हेट स्पेसमध्ये हलवले आहे. उद्या लोकलच्या गर्दीत फोन मारला गेला, तर एवढे पुरेसे आहे का?

लालबागकर: नाही. चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले, की ओटीपी तिकडे जातात. त्यामुळे सिमलाही पिन लावावा. त्याआधी मोबाइल कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला तर सिम अडकते आणि ते पुन्हा उघडण्यासाठी पीयूके नावाचा क्रमांक मागते.