मदत हवी आहे: घाटरस्त्यांसाठी मॅन्युअल की ऑटोमॅटिक? चालवायची मजा कशात?

किनारपट्टी
नमस्कार मंडळी. मुक्काम रत्नागिरी. छोटी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूर, एरवी आरे-वारेवरून गणपतीपुळे आणि जयगड. मायलेज आणि रिसेलवर इथे ढीगभर धागे आहेत, ते कृपया नकोत. मला फक्त चालवण्यातल्या आनंदाबद्दल विचारायचंय.

१) एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर, डीसीटी यांतला कोणता घाटात ताब्यात राहतो?
२) पॅडल शिफ्टर (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्या) असले तर मॅन्युअलची हौस भागते का?
३) शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला सरळ हायवेवर नेऊन आणतात. त्यात नेमकं काय तपासायचं?

घाटवाट
सगळ्या ऑटोमॅटिक एकाच माळेचे मणी नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

घाटात मजा कशामुळे येते? वळणाच्या आधी गिअर आपण ठरवतो आणि वळण संपेपर्यंत तोच राहतो म्हणून. ऑटोमॅटिकला पुढचं वळण दिसत नाही. त्याला कळतो तो वेग, इंजिनावरचा भार आणि तुमचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय. वळणात शिरताना पाय उचललात की त्याला वाटतं काम संपलं, तो तिसरा टाकतो. बाहेर पडताना पाय दिलात की पुन्हा दुसरा. आणि हे सगळं गाडी एका अंगाला कललेली असताना. म्हणून तुमच्या कामाचा प्रश्न एवढाच की मी टाकलेला गिअर हा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, धरून ठेवतो की नाही.

एएमटी: आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तेवढं यंत्र करतं. आपल्याकडे 2014 च्या सेलेरिओपासून हा प्रकार रुळला. क्लच एकच, त्यामुळे गिअर बदलताना चाकांची ताकद क्षणभर तुटते आणि खड्या चढावर तेवढ्यात गाडी मान टाकते. 'एम' (मॅन्युअल) मोड वापरला आणि वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधीच दुसरा टाकून ठेवला, तर बरंच सुसह्य होतं. वरचा गिअर पडायच्या वेळी पाय किंचित सैल केलात तर झटकाही कमी बसतो. सोय म्हणून उत्तम, मजेसाठी घेऊ नका.

सीव्हीटी: पट्टा आणि मागेपुढे होणाऱ्या पुली, ठरावीक गिअर नाहीतच. शहरात लोण्यासारखी. घाटात पाय दाबला की आधी आवाज चढतो आणि वेग मागून येतो. उतारावर 'एस' किंवा 'एल' मध्ये टाकली तर इंजिन ब्रेकिंग (पाय उचलल्यावर इंजिनानेच गाडी रोखणं) मात्र ठीक मिळतं.

टॉर्क कन्व्हर्टर: क्लचऐवजी तेलातून ताकद जाते. चढावर थांबून निघायला याच्याइतकं निवांत काही नाही. ब्रेझाच्या किंवा फ्राँक्स टर्बोच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला पॅडलही आहेत.

डीसीटी: दोन क्लच. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे बदल झटपट. पण क्लच ड्राय (कोरडा) आहे की वेट (तेलात बुडालेला) ते विचाराच. आय20 एन लाइनचा ड्राय, अल्ट्रोझ डीसीएचा (टाटाच्या डीसीटीचं नाव) वेट. ड्राय क्लचला घाटातल्या ट्रकच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकणं सोसत नाही, तो तापतो. समोर दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग एकदम पुढे जा.

तिसरा_गिअर
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण पॅडलबद्दल एक पुस्ती. बऱ्याच गाड्यांत 'डी' मध्ये असताना पॅडल ओढलं तर गिअर थोडाच वेळ राहतो, मग गाडी स्वतःच्या मनाने चालते. लिव्हर 'एम' किंवा 'एस' कडे सरकवल्यावर तो टिकतो. त्यातही काही डबे लाल रेषेला (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) पोचले की न विचारता वरचा गिअर टाकतात. म्हणजे पॅडल ही आज्ञा नसून विनंती आहे. हौस भागेल, पण सत्तर टक्के.

आता मॅन्युअल. मजा फुकट नाही, ती शिकावी लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या प्रमाणात साधारण दीडपटीचा फरक असतो. तिसऱ्यात 2000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असाल तर त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन 3000 च्या आसपास हवं. ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर मारून घ्या, क्लच दाबा, लिव्हर दुसऱ्यात, अ‍ॅक्सिलरेटरला छोटा ठोसा देऊन आरपीएम 3000 कडे न्या, मग क्लच सोडा. जमलं तर गाडीला कळतही नाही. ठोसा न देता क्लच सोडला तर पुढची चाकं क्षणभर ओढली जातात, आणि जांभ्याची तांबडी माती पसरलेल्या ओल्या वळणावर तेवढं घसरायला पुरतं.

टाच-बोट, म्हणजे ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाच्या कडेने रेस देणं, नव्या गाड्यांत नेहमी जमत नाही. अ‍ॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असतो आणि दोन्ही पेडल एकत्र दाबली की बऱ्याच गाड्या रेस कापतात. तुमचं चुकतंय असं वाटून उगाच घाम गाळू नका.

किनारपट्टी
आभार. गाडी मॅन्युअल घेतली तर आंबा घाटातल्या यू वळणांना पहिला टाकावा की दुसऱ्यातच रेटावी? आणि टेस्ट ड्राइव्हचं राहिलं.

दर्यावर्दी
गियर आपणच टाकूक होयो, नायतर मजा खंयची? 😀

घाटवाट
छोटं टर्बो इंजिन साधारण 1700-1800 आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं. चढाच्या यू वळणात दुसऱ्यात वेग फार खाली आला की ते मरगळतं. मग लोक हाफ क्लच धरून रेटतात आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास पुढच्या वळणापर्यंत येतो. त्यापेक्षा वेग दहाच्या आत आल्यावर सरळ पहिला टाका. त्याहून जास्त वेगात पहिला जबरदस्तीने घातला तर सिंक्रोचं (गिअर जुळवून घेणाऱ्या कड्यांचं) नुकसान. वळण बाहेरून रुंद घेऊन दुसऱ्यातच पुरेसा वेग टिकवता आला तर ते सगळ्यात छान, पण समोरून एसटी येत नसेल तरच.

टेस्ट ड्राइव्हसाठी आरे-वारेची चढण मागा. नाहीच म्हणाले तर निदान शहरातला एखादा उतार. ऑटोमॅटिक असेल तर आधी चढावर पूर्ण थांबून ब्रेक सोडा, मागे किती घरंगळते ते पाहा. एएमटीला हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर हँडब्रेकने निघायची सवय लावावी लागेल. अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरणं म्हणजे क्लच भाजणं. मग 40 वरून एकदम पाय दाबा आणि गिअर उतरायला किती वेळ घेते ते मनात मोजा, ओव्हरटेकचा अंदाज यावरूनच येतो. शेवटी उतारावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा टाकून पाय पूर्ण उचला. गाडी वेग धरून राहिली तर घ्या. मनाने तिसऱ्यात गेली तर विषय संपला, रंग कितीही आवडलेला असो.

मॅन्युअलमध्ये पाहायचं ते वेगळं. क्लच कुठे पकडतो, लिव्हरचा पल्ला किती, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना अडतो का. आणि पाय उचलल्यावर आरपीएम लगेच पडतात की लोंबकळतात. धुराच्या नियमांमुळे हल्लीची बरीच पेट्रोल इंजिनं आरपीएम हळू सोडतात, वरचा गिअर घाईने टाकला की झटका बसतो.

चिरेबंदी
समुद्राकाठी राहता म्हणून चार गोष्टी देखभालीच्या. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं तेल कोरं असताना 230 अंशांना उकळतं, ओल धरल्यावर 155 ला. घाट उतरताना पेडल अचानक मऊ पडतं ते यामुळेही. बऱ्याच गाड्यांत क्लचलाही हेच तेल असतं. दोन वर्षांनी बदला, ते पिवळं-तपकिरी दिसायची वाट बघू नका.

मॅन्युअलच्या गिअर ऑइलला पुस्तिकेत जीएल-4 ही प्रत लिहिली असेल तर जीएल-5 ओतू देऊ नका. त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो खाऊ शकतात. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल खालच्या नटातून काढलं तर सगळं निघत नाही, निम्म्याच्या आसपास कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून ते टप्प्याने दोनदा बदलावं लागतं. सीव्हीटीचं तेल वेगळंच असतं, 'सगळ्यांना चालतं' म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करा आणि निघा. गुडघाभर पाण्यातून गेलात तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) पाणी आत गेलं का ते तपासून घ्या. गिअर ऑइल दुधी दिसलं की लगेच बदला.

किनारपट्टी
शेवटचा प्रश्न. घराजवळ गाडी उतारावरच लावावी लागते. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिली तर?

चिरेबंदी
खाऱ्या, दमट हवेत ओढून ठेवलेला हँडब्रेक मागच्या ड्रमला चिकटून बसतो. मॅन्युअल असेल तर तोंड चढाकडे असताना पहिला, उताराकडे असताना रिव्हर्स टाकून ठेवा. एएमटीला 'पी' (पार्क) नसतो, ती गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची. 'पी' असलेल्या गाडीला आधी हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सोडून गाडी स्थिरावू द्या, मग 'पी'. नाहीतर सगळा भार आतल्या छोट्याशा खुंटीवर येतो आणि निघताना लिव्हर खाडकन सुटतो. आठवडाभर ठेवायची असेल तर चाकांना उताराच्या बाजूने दोन चिरे घट्ट लावा आणि त्यानंतरच हँडब्रेक सोडा.