मदत हवी आहे : अ‍ॅप्रोचवर स्पीडब्रेक आपोआप मिटतो, वेग उतरतच नाही

तिरपा_वारा
चार दिवस झाले, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एकही लँडिंग धड होत नाहीये. लोकलायझर (धावपट्टीची दिशा दाखवणारा सिग्नल) पकडतो, ग्लाइडस्लोप (उतरण्याचा कोन दाखवणारा) पकडतो, तोपर्यंत सगळं ठीक. खाली यायला लागलं की वेग चढत जातो. थ्रॉटल आयडलला (इंजिनाची सर्वात कमी शक्ती), चाकं खाली, स्पीडब्रेक (पंखांवरचे स्पॉइलर, म्हणजे वेग मारायला उभ्या राहणाऱ्या पट्ट्या) पूर्ण ओढलेला. आणि ऐन वेळी स्पीडब्रेक आपोआप मिटतो! लिव्हरला हातही लावलेला नसतो. पुढेमागे करून पाहिलं तरी पुन्हा उघडत नाही. धावपट्टीच्या तोंडाशी १६५-१७० नॉट, मग गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर). रोज हेच.

ड्रायव्हर दोनदा काढून टाकला, यूएसबी पोर्ट बदललं, कॅलिब्रेशन केलं. नवीन क्वाड्रंट (टेबलावरचा लिव्हरांचा संच) घ्यायचा की नाही, एवढंच सांगा. शनिवारच्या ग्रुप फ्लाइटच्या आत हे सुटायला हवं.

क्षितिजरेषा
कोणता सिम्युलेटर? कोणतं विमान? वजन किती? कोणत्या विमानतळावर? फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) कोणत्या वेगाला, किती? वारा कुठून? यातलं काहीच लिहिलेलं नाही. एवढ्यावरून क्वाड्रंट घ्या किंवा घेऊ नका असं कसं सांगणार?

सोल्डरगन
पोटेन्शिओमीटर (लिव्हरची जागा मोजणारा भाग) गेलाय, नक्की. लिव्हर एकाच जागी असताना आकडा हलतो तो आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसल्यामुळे. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत लिव्हरचा अक्ष (त्याच्या जागेचा आकडा) उघडा, लिव्हर पूर्ण मागे ओढा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. पट्टी थरथरली तर निदान झालं. खालचे स्क्रू काढा, पोटेन्शिओमीटरच्या पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, लिव्हर तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. साधं तेलकट स्प्रे अजिबात वापरू नका, ते धूळ धरून ठेवतं आणि महिन्याभरात दुखणं दुप्पट होतं. कायमचा उपाय हवा असेल तर हॉल सेन्सर (चुंबकाने जागा मोजणारा) बसवा. त्यात घासणारं काही नसतं.

उत्तरायण
उघडण्याआधी बाइंडिंग (कोणता लिव्हर कशाला जोडलाय ते) तपासा. नवीन उपकरण जोडलं की सिम्युलेटर स्वतःच त्याला तयार प्रोफाइल लावतो. मग जॉयस्टिकच्या बुडाचा छोटा स्लायडर आणि क्वाड्रंटचा लिव्हर, दोन्ही एकाच स्पॉइलर अक्षावर बसतात. स्लायडर शून्यावर असतो, तो जरा थरथरला की त्याचा शून्य तुमच्या लिव्हरवर मात करतो आणि स्पीडब्रेक मिटतो. कंट्रोलच्या पानावर 'स्पॉइलर' शोधा आणि नको त्या उपकरणावरून तो काढून टाका. दहातल्या सात तक्रारी इथेच मिटतात.

तिरपा_वारा
मायक्रोसॉफ्टचा २०२० वाला सिम्युलेटर, ए-३२० निओ. जॉयस्टिकवर स्पॉइलर नाही, आत्ताच पाहिलं. गेम कंट्रोलर खिडकीत पट्टी स्थिर आहे, दोन मिनिटं बघितली. वजन नेहमीचंच. हवामान लाइव्ह. फ्लॅप वेळच्या वेळी टाकतो, शेवटी १७५ च्या आसपास फुल.

सोल्डरगन
पट्टी टेबलावर स्थिर दिसते, पण गरम झाल्यावर हलते. तासाभराच्या उड्डाणानंतर पुन्हा बघा.

क्षितिजरेषा
"वजन नेहमीचंच" म्हणजे किती टन? आणि विमानतळ पुन्हा राहिलाच.

पिटोट
तिरपा वारा, एकच नेमकी गोष्ट बघा. स्पीडब्रेक मिटतो तो फ्लॅप ३ वर असताना, की फुल टाकल्यावर?

आणि एक चाचणी. ओव्हरहेडला (डोक्यावरच्या पॅनेलला) हात न लावता खालच्या ईकॅमवर (यंत्रणांची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर) एफ-सीटीएल (फ्लाइट कंट्रोल) पान उघडा. त्यात पंखांच्या रेघेवर स्पॉइलरचे छोटे बाण दिसतात. स्पीडब्रेक मिटल्यावर कॉकपिटमधला चित्रातला लिव्हर बघा. तो पुढे सरकला असेल तर दोष क्वाड्रंटचा किंवा बाइंडिंगचा. तो मागेच असेल आणि फक्त बाण मिटले असतील, तर तुमचा लिव्हर ठणठणीत आहे, स्पॉइलर विमानानेच आत घेतले आहेत. स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी हे करा.

तिरपा_वारा
केलं. कॉकपिटमधला लिव्हर मागेच आहे, बाण मिटले. आणि हो, फुल टाकल्याबरोबर मिटतात. म्हणजे विमानाचा बग?

पिटोट
बग नाही, खऱ्या विमानात असंच असतं. ए-३१९ आणि ए-३२० मध्ये फ्लॅप फुल असताना स्पीडब्रेक चालत नाही. ए-३२१ मध्ये तर ३ आणि फुल, दोन्हीला. उघडा असताना फुल टाकला तर संगणक स्पॉइलर आत घेतो. मग नुसता फ्लॅप परत ३ वर आणून भागत नाही. लिव्हर पूर्ण पुढे, शून्यावर न्यावा लागतो, तिथे निदान दहा सेकंद ठेवावा लागतो, त्यानंतरच ओढला तर उघडतो. तुम्ही अर्धवट पुढेमागे करत राहिलात म्हणून "उघडत नाही" असं वाटलं.

अँगल ऑफ अटॅक प्रोटेक्शन (पंखाचा हवेशी कोन फार वाढू न देणारं संरक्षण) लागलं किंवा थ्रस्ट लिव्हर एमसीटीच्या (सतत वापरता येणाऱ्या कमाल शक्तीच्या) पुढे गेला तरी हेच होतं. क्वाड्रंट घेऊ नका.

निंबस
मग फुल टाकूच नका. फ्लॅप ३, स्पीडब्रेक अर्धा, तसेच खाली या. एमसीडीयूच्या (उड्डाण संगणकाच्या कीपॅडच्या) पर्फ अ‍ॅप्रोच पानावर कॉन्फ ३ (म्हणजे फ्लॅप ३ वर लँडिंग) निवडा आणि ओव्हरहेडवर जीपीडब्ल्यूएस (जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा) लँडिंग फ्लॅप ३ चं बटण दाबा, नाहीतर "टू लो फ्लॅप्स" ओरडत राहील.

क्षितिजरेषा
कॉन्फ ३ चा सल्ला ठीक, पण स्पीडब्रेक उघडा ठेवून शेवटच्या हजार फुटांत यायचं? स्पीडब्रेकमुळे व्हीएलएस (सुरक्षित किमान वेग) वर चढतो, म्हणजे व्हीअ‍ॅपशी (अ‍ॅप्रोचच्या लक्ष्य वेगाशी) असलेलं अंतर घटतं. त्यात फ्लेअरसाठी (टेकण्याआधी उतरण्याचा दर कमी करायला) नाक उचललं की विमान धप्पकन बसतं. कॉन्फ ३ मध्ये नाक आधीच वर असतं, शेपटी घासायची भीती वेगळीच. हजार फुटांवर स्पीडब्रेक आत, इंजिन आयडलच्या वर, वेग लक्ष्यावर. हे जमत नसेल तर गो-अराउंड.

निंबस
सिम्युलेटर आहे. शेपटीचा खर्च कुणी मागत नाही.

क्षितिजरेषा
खर्चासाठी नाही. सवय लागते म्हणून. अर्ध्या स्पीडब्रेकवर बसायची सवय लागली की पुढच्या प्रत्येक विमानात तेच होतं.

उत्तरायण
मूळ प्रश्न तसाच आहे. ३ अंशांच्या ग्लाइडस्लोपवर चाकं खाली आणि फ्लॅप फुल असलेला ए-३२० आयडलला वेग सोडतो. इथे सोडत नाहीये, उलट चढतोय. तीन शक्यता. एक, मॅनेज्ड स्पीड (संगणक ठरवतो तो वेग) आहे पण पर्फ पानावर अ‍ॅप्रोच फेज चालू केलेली नाही. हेडिंग मोडमध्ये (दिशा हाताने देत) फिरत आलात की ती बऱ्याचदा आपोआप लागत नाही, लक्ष्य वेग २५० वर राहतो आणि ऑटोथ्रस्ट इंजिन वाढवत बसतो. दोन, इंजिन अँटी-आइस (बर्फ रोखणारी यंत्रणा) चालू राहिलंय, त्याने आयडलच वर सरकतं. तीन, शेपटीमागून वारा. वेगाच्या पट्टीवर लक्ष्य वेगाचा त्रिकोण कुठे असतो?

तिरपा_वारा
अ‍ॅप्रोच फेज चालू असते, त्रिकोण १३८ वर. अँटी-आइस बंद. वारा समोरूनच, ८ नॉट. इंजिन आयडललाच आहेत, एन-१ चा (इंजिनाच्या पंख्याच्या फेऱ्यांचा) काटा तळाला. लंडन सिटी, धावपट्टी २७. वजन ६४ टन.

क्षितिजरेषा
लंडन सिटी! हे पहिल्या ओळीत हवं होतं.

पिटोट
सगळं इथेच आहे. लंडन सिटीचा ग्लाइडस्लोप ३ अंशांचा नाही, ५.५ अंशांचा आहे. (१९८७ मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा तो ७.५ होता.) आता हिशोब बघा.

३ अंशांवर जमिनीवरचा वेग १४० नॉट असेल तर उतरण्याचा दर मिनिटाला साधारण ७४० फूट. ५.५ अंशांवर त्याच वेगाला १३६० फूट. सोपी आठवण अशी: ३ अंशांना वेग गुणिले ५, साडेपाचला वेग गुणिले जवळजवळ १०. विमानाला पुढे ओढणारा गुरुत्वाकर्षणाचा वाटा उताराच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे जवळपास पावणेदोन पट. तेवढा अडथळा तुमच्या ए-३२० कडे नाही. १७५ वर आत शिरलात तर त्या उतारावर वेग कमी होणं शक्यच नाही. फ्लॅप फुलची मर्यादाच १७७ आहे, तुम्ही तिच्या दारात उभे राहून तो टाकताय.

दुसरी गोष्ट अंतराची. ३००० फुटांवर सपाट येताना ३ अंशांची रेषा धावपट्टीपासून सुमारे ९.४ सागरी मैलांवर भेटते. साडेपाचची भेटते ५.१ वर. नेहमीच्या सवयीने "ग्लाइडस्लोप हलला की चाकं, मग फ्लॅप" केलंत तर इथे उरलेल्या पाच मैलांत काहीच होत नाही.

चौथी_सीट
लंडनवर फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) कमी मिळत असतील तर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल २०० वरून १०० वर आणा. तिथला भार ग्राफिक कार्डावर नसतो, मुख्य थ्रेडवर असतो, म्हणून रेझोल्यूशन कमी करून फरक पडत नाही. फोटोग्रामेट्री बंद केली तरी बराच फरक पडतो. काचेच्या कॉकपिटच्या पडद्यांचा रिफ्रेश मध्यमवर ठेवा.

तिरपा_वारा
फ्रेमचा प्रश्न नाहीये. ए-३२० तिथे उतरतच नाही का मग? एअरबस उतरताना पाहिलीय की.

उत्तरायण
ती ए-३१८. त्या कुटुंबातलं साडेपाच अंशांसाठी प्रमाणित झालेलं तेवढंच. ब्रिटिश एअरवेज २००९ पासून तिथून न्यूयॉर्कला उडवायची, फक्त ३२ आसनं. जाताना शॅननला थांबून इंधन घ्यावं लागे, कारण १५०८ मीटरच्या धावपट्टीवरून पूर्ण इंधन घेऊन उठता येत नाही. त्या ए-३१८ मध्ये स्टीप अ‍ॅप्रोचचं (तीव्र उताराने उतरण्याचं) खास बटण असतं. ते दाबलं की लँडिंगच्या तयारीत काही स्पॉइलर थोडे उघडे राहतात. तुमच्या विमानात फुलला जे मिटतात, तेच तिथे मुद्दाम उघडे ठेवलेले.

सोल्डरगन
ठीक, मिटण्याचं कारण कळलं. तरी स्पॉइलर अक्षाची थरथर तपासाच. लँडिंगसाठी स्पॉइलर आर्म केले (टेकताच आपोआप उघडायला तयार ठेवले) आणि अक्षाने एक जरी नवा आकडा पाठवला की आर्म सुटतं, मग चाकं टेकल्यावर स्पॉइलर उघडत नाहीत. आखूड धावपट्टीवर हे फार महागात पडतं. अक्षाला ३-४ टक्के डेड झोन (बारीक हालचाल दुर्लक्षित होणारा भाग) द्या आणि आर्मसाठी वेगळं बटण बांधा.

पिटोट
हे सोल्डरगननी बरोबर सांगितलं, नक्की करा.

ए-३२० नेच जायचं असेल तर असं. वजन ५० टनांच्या आसपास आणा, प्रवासी निम्म्याहून कमी, इंधन अडीच-तीन टन. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो, ६४ चे ५० टन झाले की व्हीअ‍ॅप १५ ते १६ नॉटनी खाली येतो. ३००० फुटांवर सपाट असतानाच, १० मैलांवर चाकं खाली, फ्लॅप ३. ८ मैलांवर फुल. ६ मैलांवर वेग व्हीअ‍ॅपवर बसलेला हवा, इंजिनांत थोडी शक्ती असलेली. मग ग्लाइडस्लोप वरून खाली येऊन भेटतो आणि तुम्ही फक्त शक्ती काढून घेता. समोरचा वारा १० नॉटहून जास्त असेल तर तुमचा फायदाच. मागून ५ असेल तरी जाऊ नका.

तिरपा_वारा
केलं. ५१ टन, फुल ८ मैलांवर. उंबरठ्यावर १२६. लक्ष्य १२२ होतं. खूपच फरक आहे. पण "सिंक रेट" (फार वेगाने खाली जाताय) असं ओरडतो सारखा. आणि टेकलं ते दणकन.

निंबस
मी म्हणतो, बीएई १४६ विमान घ्या. त्याच्या शेपटीच्या टोकाला पाकळ्यांसारखा उघडणारा एअरब्रेक आहे. फ्लॅप कितीही असले तरी तो चालतो, पंखावरची उचल मारत नाही, आणि असल्या धावपट्ट्यांसाठीच तो बांधलाय. ए-३२० ला तिथे नेण्यात काय मजा?

तिरपा_वारा
ग्रुप फ्लाइटला सगळे ए-३२० घेणार आहेत.

क्षितिजरेषा
मग "सिंक रेट" येणारच. जमिनीजवळ १२०० फुटांच्या दराला तो इशारा लागतो. स्टीप अ‍ॅप्रोचची सोय असलेल्या विमानांत त्याची मर्यादा सैल केलेली असते, तुमच्यात नाही. ग्लाइडस्लोपचा हिरा (पडद्यावरची खूण) मध्यावर असेल आणि वेग बरोबर असेल तर आकडा तोच राहणार. हिरा खाली सरकला आणि दर १५०० च्या पुढे गेला तर मात्र गो-अराउंड, तिथे मागेपुढे बघू नका.

दणका फ्लेअरचा. ३ अंशांवर ३० फुटांना नाक उचललं तर चालतं. इथे खाली यायचा दर दीडपटीहून जास्त, म्हणून ५० फुटांच्या घोषणेला सुरुवात करा, सावकाश, एका ओघात. इंजिन आधीच जवळजवळ आयडलला असतात, त्यामुळे "रिटार्ड"ची (थ्रस्ट लिव्हर मागे घ्या, या घोषणेची) वाट बघायची गरज नाही. ऑटोब्रेक मीडियम. मॅक्स नको, तो टेकऑफ सोडून द्यावा लागला तर त्यासाठी. तरंगू देऊ नका, प्रत्येक सेकंदाला साठ मीटर धावपट्टी जाते.

तिरपा_वारा
५० ला सुरू करून बघतो. ऑटोपायलट किती उंचीवर सोडायचा?

पिटोट
५०० फुटांवर. शेवटच्या क्षणी सोडलात तर हातात विमान येईपर्यंत ५० ची घोषणा होऊन जाते. आणि शनिवारी वारा पूर्वेचा असेल तर धावपट्टी ०९ मिळेल. उतार तोच, साडेपाच, फक्त कोर्स बदलायला विसरू नका.

चौथी_सीट
ग्रुप फ्लाइटला मल्टिप्लेअरमधली दुसरी विमानं जेनेरिक मॉडेलवर ठेवा. वीसेक विमानं एका एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) आली की फ्रेम निम्म्यावर येतात.