जिगसॉचा काप वळणावर तिरका जातोय, मदत हवी आहे

मंडळी, वायरवाल्या जिगसॉबद्दल (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत) विचारायचंय. १८ एमएम प्लायमध्ये गोलाई कापताना वरून रेघ बरोबर दिसते, पण तुकडा पालथा केला की खालची कड दोन-तीन एमएम आत गेलेली. बेसप्लेट गुण्या लावून तपासली, ९० अंशात आहे. पातं नवं आहे. सरळ कापात काही त्रास नाही, वळणावरच पातं वाकतं आणि कड करपते. पेंड्युलम (पात्याचा पुढे-मागे झोका) ० वर ठेवला की काप साफ येतो, पण इतका सावकाश की हात आपसूक रेटायला लागतो.

पात्यामागचा गाइड रोलर थोडा डुगडुगतोय. तेलाचा थेंब पुरेल की बदलावाच लागेल? आणि गोलाईसाठी टी२४४डी पातं घ्यावं की टी१०१एओ? दुसऱ्याचे दात बारीक, पण ते पातळ मालासाठी असतं ना?

शिवाय मोटरच्या फटींतून ठिणग्या दिसतात. बारीक ठिणग्या नेहमीच्याच, पण आता त्या गोल फिरतात आणि मशीन मधेच दम सोडतं. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे) संपलेत की कम्युटेटरच (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) गेला, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? (प्लग काढूनच उघडणार, तो सल्ला नको!)