लाओस: रेल्वेने जावं की नावेने?

सह्यवेडा
फेब्रुवारीत लाओसला जाऊन आलो, तेव्हापासून हे मनात घोळतंय. डिसेंबर २०२१ मध्ये चीन-लाओस रेल्वे सुरू झाली आणि राजधानी विएन्तियान ते लुआंग प्रबांग हा दिवसभराचा घाटरस्ता दोन तासांवर आला. आपल्याकडची मंडळी आता हाच मार्ग धरतात आणि चार दिवसांत परत येतात. माझं स्पष्ट मत आहे, असा लाओस बघू नये. मी थायलंडच्या हद्दीवरच्या हुआय सायहून मेकाँगच्या संथ नावेत बसलो. दोन दिवसांचा प्रवास, रात्रीचा मुक्काम पाकबेंगला. धक्का वगैरे नसतोच, नाव सरळ वाळूला लागते. पोरं धावत येतात, पोती उतरतात, एकदा तर फळीवरून मोटारसायकल उतरवली. शेजारच्या आजींनी बांबूच्या विणलेल्या डबीतला चिकट भात पुढे केला. बोटांनी छोटा गोळा वळायचा, तिखट चटणीत बुडवायचा. माझा गोळा सुटायला लागला तशी त्यांनी माझी बोटं धरून वळायला शिकवलं. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. गाडीत हे कुठून मिळणार? तिचा जवळजवळ निम्मा मार्ग बोगद्यांतून आहे.

रेवाकाठ
अजिबात पटलं नाही. मी आईला घेऊन गेले होते. वय ७१, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. रेल्वे होती म्हणून तिने लुआंग प्रबांग पाहिलं. आणि आमच्या समोर उत्तरेच्या मुआंग सायहून आलेलं एक जोडपं होतं. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये, राजधानीतल्या इस्पितळात निघाले होते. फोनवर भाषांतर करत बाई सांगत होत्या, पूर्वी अख्खी रात्र बसमध्ये जायची. तुम्हाला ज्याची ओढ वाटते, ते त्यांनी आयुष्यभर सोसलंय.

सह्यवेडा
त्यांच्या सोयीच्या आड मी कशाला येऊ? मी पाहुण्यांबद्दल बोलतोय. लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात, लोक रस्त्याकडेला गुडघे टेकून भात वाढतात. ती पूजा आहे. मी गेलो त्या दिवशी त्यांच्या तोंडावर फ्लॅश मारणारे लोक वाढणाऱ्यांपेक्षा जास्त होते. गर्दी वाढली ती रेल्वेमुळेच.

रेवाकाठ
ते गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. भिक्षेच्या वेळी लांब उभे राहा, अशी विनंती तिथे रेल्वेच्या आधीपासून करतात. तुमच्या नावेतून उतरलेले लोक दुसऱ्या पहाटे कुठे गेले होते?

माळरान
मध्येच बोलतो. आडवाटेचं कौतुक करताना एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या लहान गोळ्यांपैकी सुमारे तीस टक्के फुटलेच नाहीत, अजून शेतांत आहेत. शिएंग खुआंगला दगडी रांजणांचं पठार बघताना जमिनीत बसवलेल्या खुणा दिसतात. पांढऱ्या बाजूला जमीन साफ केलेली, लाल बाजूला नाही. मुलं चेंडू समजून ते गोळे उचलतात. तिथे पायवाट सोडून एक पाऊलही टाकू नका, मग रेल्वेने गेलेले असा की नावेने.

गर्दी नको असेल तर दक्षिणेला जा, रेल्वे तिकडे नाहीच. चंपासाकचं वाट फू हे मूळचं शिवमंदिर. मागच्या डोंगराचं शिखरच लिंगासारखं, आणि कड्यातल्या झऱ्याचं पाणी पन्हळीतून गाभाऱ्यातल्या लिंगावर सोडलेलं असायचं. आज आत बुद्ध आहे. लोक ते पाणी अजून डोक्याला लावतात. मीही लावलं.

सह्यवेडा
खुणांचं मला ठाऊक नव्हतं. पाकबेंगला मी पायवाट सोडून टेकडी चढलो होतो. वर धाग्यात ही सूचना घालतो. रेल्वेबद्दलचं मत मात्र तेच.

रेवाकाठ
आणि माझंही. माळरान, वाट फूला आईला नेता येईल का?

माळरान
खालच्या तळ्यापासून पुढे थोडं अंतर विजेवरची गाडी नेते. दोन मोठे मंडप सपाटीवरच आहेत, तिथवर जमेल. गाभाऱ्याच्या पायऱ्या उभ्या आणि निसटत्या, कठडा नाही. त्या नको. खाली चाफ्याच्या सावलीत त्यांना बसवा, झऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणून द्या.