योनीमार्गात ठेवायची वजनं कोणी वापरली आहेत का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंक आली की लघवी सुटते. कूलरमध्ये ओतायला बादली उचलली तरी तेच, आणि नागपूरचा उन्हाळा म्हणजे हे रोजचंच. कीगल व्यायाम (लघवी रोखणारे आतले स्नायू आवळायचे-सोडायचे) चालू आहेत. आता डॉक्टरीणबाईंनी त्याच स्नायूंनी आत धरून ठेवायची सिलिकॉनची छोटी वजनं सुचवली आहेत: सगळ्यात हलक्यापासून सुरुवात, उभ्यानं, जास्तीत जास्त 15 मिनिटं, दरवेळी धुऊन. पाळीत किंवा इन्फेक्शन असताना अजिबात नाही.

माझी अडचण अशी, की वजन घसरायला लागलं की मी श्वास रोखते, मांड्या आवळते. मग नेमके आतले स्नायू काम करताहेत हे कसं ओळखायचं? खाली जडपणा वाटला तर लगेच काढायचं ना? धरमपेठ-प्रतापनगरकडे नीट तपासून शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई माहीत असतील तर प्लीज कळवा.