पीटर कोलमन: सामोआचा नेता की वॉशिंग्टनचा माणूस?

दर्यावर्दी: अमेरिकन सामोआ, म्हणजे प्रशांत महासागरातली अमेरिकेच्या ताब्यातली बेटं, तिथले गव्हर्नर पीटर ताली कोलमन यांचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. जन्म १९१९, पागो पागोचा. १९५६ साली गव्हर्नर झाले ते वॉशिंग्टनने नेमलं म्हणून. १९६१ मध्ये तिकडे सरकार बदललं आणि यांची खुर्ची गेली. मग मार्शल बेटं, उत्तर मारियाना इथे अधिकारी म्हणून नेमणुका, तीही तेव्हा अमेरिकेच्याच ताब्यातली. हा लोकनेता की इमानी अधिकारी?

मीनल_ठाणे: अहो, पुढचं का गाळलंत? १९७७ मध्ये तिथे पहिल्यांदा गव्हर्नरपदाची निवडणूक झाली आणि लोकांनी यांनाच निवडलं. १९८० ला पुन्हा. मध्ये लुताली नावाचे दुसरे गव्हर्नर आले, १९८८ ला परत हेच. नुसत्या हुजऱ्याला कोण तीनदा मत देतं?

दर्यावर्दी: ओळखीचा चेहरा होता, दिली मतं. पण १९६० चं संविधान यांच्याच काळातलं ना? त्यात सरन्यायाधीश नेमतो कोण, तर अमेरिकेचा अंतर्गत खात्याचा मंत्री! तिथे जन्मलेला माणूस आजही अमेरिकेचा 'नॅशनल', म्हणजे अमेरिकेच्या छत्राखालचा, पण जन्मसिद्ध नागरिक नाही.

जुना_वाचक: दोघंही एक गोष्ट विसरताय. गव्हर्नर निवडून द्यायचा का, असं १९७२, ७३ आणि ७४ मध्ये मतदारांना विचारलं होतं. तिन्ही वेळा त्यांनीच नकार दिला! होकार आला १९७६ ला. त्यामुळे 'वॉशिंग्टनने लादलं' एवढ्यावर भागत नाही. बहुतांश जमीन तिथे कुटुंबांच्या सामायिक मालकीची, कारभार मताईंकडे, म्हणजे कुटुंबप्रमुखांकडे. सरसकट नागरिकत्व आलं तर समानतेच्या कायद्यापुढे फक्त सामोअनांसाठीची ही व्यवस्था टिकेल का, ही धास्ती तिथल्याच पुढाऱ्यांना आहे. जन्मसिद्ध नागरिकत्व मागणाऱ्या खटल्यात अमेरिकन सामोआचं सरकारच त्या मागणीच्या विरोधात उभं राहिलं होतं.

मीनल_ठाणे: तेच म्हणतेय. संविधानात सामोअन जमिनीला आणि रीतिरिवाजांना संरक्षण आहे, ते काय फुकट मिळालं? आत राहूनच मिळवावं लागतं.

दर्यावर्दी: संरक्षणाचं श्रेय कोलमनना आणि सरन्यायाधीशाचं खापर वॉशिंग्टनवर? दस्तऐवज एकच आहे, मीनलताई. संविधान सभेतल्या प्रतिनिधींना काही श्रेय देणार की नाही?

मीनल_ठाणे: देते की. पण मग सरन्यायाधीशाचं खापरही एकट्या कोलमनांवर फोडू नका.